भूल घेण्याआधी बोला
औषधांचा, वासांचा, रसायनांचा त्रास असणाऱ्यांनी ऑपरेशनपूर्वी काय सांगावे, काय विचारावे



ऑक्टोबर महिना आला की आपल्या घराघरांत दीक्षाभूमीची तयारी सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. १६ ऑक्टोबर ही तारीख वैद्यकाच्या इतिहासातही मोठी आहे. १८४६ साली याच दिवशी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी एका रुग्णाला ईथर हुंगवून गुंगी आणली आणि त्याच्या मानेवरची गाठ डॉक्टरांनी सर्वांसमोर काढली. त्याआधी ऑपरेशन म्हणजे चार माणसांनी हातपाय दाबून धरायचे आणि रुग्णाने किंचाळायचे. म्हणून १६ ऑक्टोबर हा जगभर 'भूल दिन' म्हणून पाळला जातो.

आजची भूल त्या काळापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तरीही वस्त्यांमधून एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो: "मला फिनाईलच्या वासानेसुद्धा दम लागतो. इंजेक्शनची रिॲक्शन येते. मग मला भूल चालेल का?" काही भगिनी तर याच भीतीने गर्भपिशवीचे किंवा पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

थोडक्यात उत्तर असे: ॲलर्जी असली किंवा वासांचा त्रास असला तरी भूल देता येते. अट एकच, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत हवे. अनेक औषधांपैकी कोणते द्यायचे आणि कोणते टाळायचे हे त्यांच्या हातात असते. पण तुमच्या शरीराने मागे काय सोसले हे फक्त तुम्हालाच माहीत असते.

ॲलर्जी कशाला म्हणायचे?

आपण सगळ्याच त्रासाला 'ॲलर्जी' किंवा 'रिॲक्शन' म्हणतो. डॉक्टर मात्र त्याचे वेगवेगळे प्रकार करतात, कारण प्रत्येकाची खबरदारी वेगळी असते.

पहिला प्रकार खऱ्या ॲलर्जीचा. शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या औषधाला शत्रू समजून तुटून पडते. औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, छातीत घरघर होते, रक्तदाब एकदम खाली जातो. हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

दुसरा प्रकार औषधाच्या दुष्परिणामाचा. गोळीने मळमळले, पोट बिघडले, झोप आली, मागच्या भुलीनंतर दिवसभर उलट्या झाल्या. ही ॲलर्जी नव्हे, पण सांगायला हवेच. उलट्या कमी होतील अशी औषधे भूलतज्ज्ञ आधीच देऊ शकतात.

तिसरा प्रकार वासाच्या आणि रसायनांच्या त्रासाचा. अत्तर, रंग, रॉकेल, ॲसिड, अगरबत्तीचा धूर नाकात गेला की डोके ठणकते, छाती भरून येते, चक्कर येते. कधी त्यामागे दमा असतो. कधी दमाही निघत नाही, तपासण्या सगळ्या ठीक येतात, पण माणूस खरोखर हैराण असतो. या शेवटच्या अवस्थेला नेमके काय म्हणावे याबद्दल डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही आणि ती पकडणारी ठरलेली तपासणीही नाही. म्हणून कोणी "हे मनाचे खेळ आहेत" म्हटले तर खचून जाऊ नका. आपला त्रास जसा आहे तसा सांगा.

ऑपरेशनच्या टेबलावर त्रास कशाने होतो?

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी सर्व सरकारी रुग्णालयांत वर्षभर पाहणी करून २०१८ मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भुलीच्या वेळी गंभीर ॲलर्जी होण्याचे प्रमाण साधारण १०,००० मध्ये १ इतके निघाले. अशा २६६ रुग्णांची तपशीलवार छाननी झाली. त्यातील १० जण दगावले, बाकीचे वाचले. म्हणजे हा प्रकार विरळा आहे आणि वेळीच उपचार मिळाले तर बहुतेक माणसे वाचतात.

ॲलर्जी कशामुळे झाली हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. सर्वांत वरचा क्रमांक अँटिबायोटिकचा होता. जखम पिकू नये म्हणून ऑपरेशनच्या आधी शिरेतून देतात तेच हे इंजेक्शन. दुसरा क्रमांक स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा. तिसरा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा. ते कातडी पुसायच्या द्रवात असते, काही माऊथवॉशमध्ये असते आणि शिरेत घालायच्या काही नळ्यांवरही त्याचा लेप असतो. त्याखालोखाल काही ऑपरेशनांत वापरतात तो निळा रंग. भागापुरती बधिरता आणणाऱ्या औषधाने गंभीर ॲलर्जी झाल्याचे एकही उदाहरण त्या पाहणीत आढळले नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? "भुलीची ॲलर्जी आहे" एवढेच सांगून भागत नाही. ती भुलीच्या औषधाची असेल, अँटिबायोटिकची असेल, नाहीतर कातडीला लावलेल्या द्रवाचीही असेल. कोणत्या वस्तूची, हे कळले तरच पुढच्या वेळी ती टाळता येते.

रबराचे हातमोजे ही आणखी एक गोष्ट. फुगा फुगवताना ओठ खाजतात, हातमोजे घातले की हातावर गांधी येतात, केळी किंवा पपई खाल्ली की तोंडात खाज सुटते, अशी लक्षणे असतील तर नैसर्गिक रबराची ॲलर्जी असू शकते. लहानपणापासून अनेक ऑपरेशने झालेल्यांमध्ये ती जास्त दिसते. हे आधी कळले तर रबर नसलेले हातमोजे आणि नळ्या वापरता येतात. अशा रुग्णाला शक्यतो सकाळचा पहिला नंबर देतात, कारण तेव्हा थिएटरच्या हवेत रबराची भुकटी कमीत कमी असते.

आपले काम सांगायला लाजू नका

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती खास आपल्या घरांसाठी आहे. दवाखान्यात "काय काम करता?" असे विचारले की आपल्यातील अनेक जण "नोकरी" किंवा "घरीच असते" म्हणून मोकळे होतात. गटार साफ करतो, संडास धुतो, कचरा वेचतो, दुसऱ्याच्या घरी भांडी-फरशी करते, असे सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. त्या अपमानातून आलेली ही चूप बसण्याची सवय आम्ही समजू शकतो. पण भूलतज्ज्ञासमोर ती महागात पडते.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसांना भाजतो. वर्षानुवर्षे असा वायू, गटारातला गॅस किंवा कचरा जाळल्याचा धूर छातीत गेलेल्या माणसाची श्वासनलिका नाजूक झालेली असते. भूल देताना घशात नळी घातली की ती आवळू शकते. आधी माहीत असेल तर डॉक्टर फवाऱ्याचे औषध देऊन छाती मोकळी करून घेतात, झोंबणारा गॅस टाळतात आणि शक्य तिथे पूर्ण भुलीऐवजी कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात.

स्वच्छतेच्या काही रसायनांचा आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा एक भाग सारखा असतो. त्यामुळे अशा रसायनांशी रोज संबंध येणाऱ्यांचे शरीर त्या औषधांबाबत आधीच संवेदनशील होत असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. हे अजून पूर्ण सिद्ध झालेले नाही. पण काम सांगायला हे एक कारणही पुरेसे आहे.

गावाकडच्या शेतमजुरांची गोष्ट तर सिद्ध झालेली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अनेक कीटकनाशके 'ऑर्गनोफॉस्फेट' प्रकारची असतात. ती रक्तातील एका पाचक द्रव्याला निकामी करतात. भूल देताना घशात नळी घालण्यासाठी सक्सिनिलकोलिन नावाचे जे इंजेक्शन देतात, त्याचा असर एरवी काही मिनिटांत उतरतो. तो याच द्रव्यामुळे उतरतो. द्रव्य कमी असेल तर असर तासन् तास टिकतो आणि रुग्णाचा श्वास तोवर मशीनवर ठेवावा लागतो. गेल्या काही आठवड्यांत फवारणी केली असेल तर तेवढे एक वाक्य सांगा. डॉक्टर दुसरे औषध निवडतील.

ज्या कामाने शहर स्वच्छ राहते आणि शेत पिकते, ते सांगताना मान खाली घालायची गरज नाही. मान खाली घालायला लावणाऱ्यांशी आपला झगडा आहेच. पण भुलीच्या टेबलावर जीव आपला असतो.

ज्यांना वासाचाच त्रास आहे

अशा रुग्णांसाठी एकच एक उत्तम भूल ठरलेली नाही. तरी काही गोष्टी मागता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

सकाळचा पहिला नंबर मिळेल का, ते विचारा. गॅस हुंगवण्याऐवजी शिरेतल्या इंजेक्शनने झोपवता येईल का, ते विचारा. भुलीच्या गॅसमध्येही फरक असतो. डेसफ्ल्युरेन झोंबतो, सेव्होफ्ल्युरेन सौम्य असतो. प्लास्टिकच्या मास्कच्या वासाने कासावीस होत असाल तर तेही सांगा. वॉर्डात फिनाईलने पुसून झाल्यावर थोड्या वेळाने आत नेण्याची, खिडकीजवळच्या खाटेची विनंती करा. सरकारी रुग्णालयात सगळेच जमेल असे नाही, पण विचारल्याशिवाय काहीच जमत नाही.

आपल्या बाजूने करायचे ते आपण करू. ऑपरेशनच्या दिवशी पावडर, अत्तर, सुगंधी तेल नको. नखांना नेलपॉलिश आणि बोटांना गडद मेंदी नको, कारण बोटाला लावलेल्या यंत्रातून रक्तातला प्राणवायू मोजायचा असतो. भेटायला येणाऱ्यांनी सेंट मारून येऊ नये. दम्याचा पंप वापरत असाल तर तो त्या सकाळीही घ्यायचा असतो आणि सोबत न्यायचा असतो. सर्दी, ताप, पिवळा कफ असेल तर लपवू नका. ऑपरेशन आठ-पंधरा दिवस पुढे गेले तरी चालेल, छाती बिघडता कामा नये.

फिटनेसच्या दिवशी काय सांगायचे?

ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासणी करतात. आपण त्याला 'फिटनेस काढणे' म्हणतो. ती केवळ शिक्का मारून घेण्याची रांग नाही. तिथे बोलायला दोन-चार मिनिटेच मिळतात, म्हणून घरून कागद लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून लिहून घ्या. कागदावर एवढे असू द्या:

१. कोणत्या औषधाने त्रास झाला, त्याचे नाव. नाव आठवत नसेल तर जुनी चिठ्ठी, रिकामे पाकीट किंवा केसपेपर.
२. नेमके काय झाले: गांधी, सूज, दम, बेशुद्धी, उलटी. औषध घेतल्यावर किती वेळाने झाले आणि कशाने बरे वाटले.
३. आधी कोणती ऑपरेशने झाली, तेव्हा भुलीत काही अडचण आली का.
४. आई-वडील, भावंडे, मामा-मावशी यांपैकी कोणाला भुलीत जोराचा ताप चढला होता का, कोणी उशिरा शुद्धीवर आले का, कोणी दगावले का. काही दोष रक्तातून येतात.
५. दमा, फिट, बीपी, साखर, हृदयाचा आजार, सिकलसेल.
६. रोजच्या सगळ्या गोळ्या. काढा, जडीबुटी, वैदूचे औषधही.
७. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी, दारू. किती आणि कधीपासून.
८. काम काय करता आणि तिथे कोणती रसायने हाताळता.
९. कोणत्या वासाने, रबराने, पट्टीने, साबणाने त्रास होतो.

सिकलसेल ही ॲलर्जी नाही. पण विदर्भात आपल्या समाजातील अनेक घरांत हा आजार आहे, म्हणून तो यादीत मुद्दाम घातला आहे. या रुग्णाच्या शरीरात भुलीच्या वेळी पाणी कमी पडू देत नाहीत, अंग गार पडू देत नाहीत आणि प्राणवायू कमी होऊ देत नाहीत. लाल किंवा पिवळे कार्ड असेल तर ते सोबत न्या.

दारू किंवा तंबाखूबद्दल घरच्यांसमोर बोलणे अवघड असेल तर "डॉक्टर, एकट्याने बोलायचे आहे" असे म्हणा. आणि उपाशी राहायला सांगितले असेल तर खरोखर उपाशी राहा. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

नेहमीच्या शंका

*सुकट-झिंगे खाल्ले की अंगावर पित्त उठते. मग आयोडीनचे औषध चालणार नाही ना?*
हा समज चुकीचा आहे. मासळीची ॲलर्जी मासळीतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. तरी डॉक्टरांना सांगून ठेवा.

*अंड्याची ॲलर्जी आहे, झोपेचे पांढरे इंजेक्शन चालेल का?*
त्या इंजेक्शनात अंड्यातील एक स्निग्ध घटक असतो. अंड्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालते. निर्णय भूलतज्ज्ञांना घेऊ द्या.

*दात काढताना सुई दिली आणि छातीत धडधडून चक्कर आली. ही ॲलर्जी का?*
बहुतेक वेळा नाही. सुईच्या भीतीने किंवा औषधात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनने असे होते. मात्र गांधी, सूज किंवा दम लागला असेल तर तपासून घ्यायला हवे.

*लहानपणी पेनिसिलिन 'चालत नाही' असे सांगितले होते.*
असे सांगितलेल्या बहुतेक माणसांना नीट तपासले तर ॲलर्जी निघत नाही. पण घरी घेऊन बघू नका. तपासणी डॉक्टरांनाच करू द्या.

*हातावर टेस्ट डोस दिला, काही झाले नाही. म्हणजे धोका संपला?*
नाही. टेस्ट ठीक येऊनही क्वचित त्रास होऊ शकतो. म्हणून आधीची हकीकत सांगायचीच.

रिॲक्शन आलीच तर

भूलतज्ज्ञ रुग्णाजवळ सतत उभे असतात ते याचसाठी. गंभीर ॲलर्जीवर पहिले औषध ॲड्रेनॅलिन, सोबत प्राणवायू आणि सलाईन. ही सोय असलेल्या ठिकाणीच ऑपरेशन करून घ्या. "भूल कोण देणार आहे? भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत का?" हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही.

धोका टळल्यावर घरच्यांचे काम सुरू होते. पहिल्या काही तासांत 'ट्रिप्टेज' नावाची रक्ततपासणी केली तर ती खरी ॲलर्जी होती का हे समजायला मदत होते. तशी सोय आहे का, ते विचारा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: त्या वेळी दिलेल्या सगळ्या औषधांची नावे, काय झाले आणि काय उपचार केले. साधारण चार ते सहा आठवड्यांनी मोठ्या रुग्णालयात कातडीची तपासणी करून नेमके औषध शोधता येते. ते सापडले की त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि घरात दोघांना तरी पाठ करायला सांगा. १०८ ची गाडी बोलवायची वेळ आली आणि आपण बेशुद्ध असलो, तर तोच कागद आपल्या वतीने बोलतो.

हा आपला हक्क आहे

केसपेपर आणि ऑपरेशनच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत दिल्या पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी काय करणार, धोके कोणते, दुसरा पर्याय काय हे रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा नको. इंग्रजी कळत नसेल तर "मराठीत सांगा" म्हणा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांची मदत घ्या. कंत्राटी कामगारांनी आपले ईएसआय कार्ड निघाले आहे का ते पाहावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याच्या योजनेचे काम सुरू झाले आणि त्यातूनच १९४८ चा कायदा आला. तो हक्क वापरायचा राहू नये.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि आजाऱ्याची सेवा करण्याचा उपदेश संघाला केला. त्याच ठिकाणी कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, हेही भगवंतांनी सांगितले आहे. त्यातला एक गुण असा की तो आपला आजार सेवा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगतो. वाढला असेल तर वाढला, कमी झाला असेल तर कमी झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला भुलीच्या टेबलावरही तितकाच खरा आहे.

या रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे काढा. वरील नऊ मुद्द्यांचा कागद प्रत्येक घरासाठी एक असा लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तरुणांनी लिहावा. तो रेशनकार्डासोबत ठेवा. ऑपरेशन उद्या ठरो की दहा वर्षांनी, कागद तयार असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!